इंग्रजीतली न्यूनोक्ती : उणे बोलणे आणि पुरे समजणे

२४ जून १९८२ची रात्र. ब्रिटिश एअरवेजचे एक बोइंग ७४७ जातीचे विमान क्वालालंपूरहून ऑस्ट्रेलियातील पर्थकडे निघाले होते. जावा बेटाजवळून, सुमारे ३७,००० फूट उंचीवरून जात असताना काही मिनिटांतच त्याची चारही इंजिने बंद पडली. विमानात २६३ माणसे होती आणि खाली अंधारातला समुद्र. कॅप्टन एरिक मूडी यांनी ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना जे सांगितले त्याचा आशय असा होता : आपल्यापुढे एक छोटीशी अडचण आहे. चारही इंजिने बंद पडली आहेत. ती पुन्हा सुरू करण्याची आम्ही पराकाष्ठा करीत आहोत. आपणांस फार त्रास होत नसेल अशी आशा आहे.

झाले होते ते असे. जावातील गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेच्या ढगात विमान शिरले होते. ही राख म्हणजे चुलीतल्या राखेसारखी मऊ वस्तू नव्हे. ती खडकाची आणि काचेची बारीक पूड असते. इंजिनाच्या आतील तापमानात ती वितळते आणि आतल्या भागांवर चिकटून बसते. हवेचा मार्ग बिघडला, की इंजिन विझते. विझलेली इंजिने थंड झाली तशी ती गोठलेली काच ठिसूळ होऊन निखळली. विमान घरंगळत सुमारे १३,००० फुटांपर्यंत खाली आले असताना इंजिने पुन्हा सुरू होऊ लागली. पुढे एक इंजिन परत बंद करावे लागले, तरी विमान जाकार्ताला सुखरूप उतरले.

या घटनेपासून विमानविद्येने ज्वालामुखीच्या राखेबद्दल पुष्कळ धडे घेतले. आज मात्र आपल्याला राखेकडे पाहायचे नाही. कॅप्टनच्या पहिल्या वाक्याकडे पाहायचे आहे. चार इंजिने बंद पडणे ही ‘छोटीशी अडचण’ कशी? प्रवाशांना आपण फसवत नाही आहोत हे कॅप्टनला ठाऊक होते, कारण पुढच्याच वाक्यात त्यांनी खरी गोष्ट उघड सांगून टाकली. मग ‘छोटीशी’ हा शब्द कशासाठी?

विज्ञान शिकवणाऱ्यांच्या मासिकात भाषेचा हा विषय कशाला, असे कोणाला वाटेल. आपल्यापैकी बहुतेकांचे विज्ञान आज ना उद्या इंग्रजीतून येते. पाठ्यपुस्तक मराठी असले, तरी संदर्भग्रंथ, शोधनिबंध, उपकरणाबरोबरची माहितीपुस्तिका ही इंग्रजी असतात. शब्दकोश जवळ घेऊन आपण त्यांचा अर्थ लावतो. पण इंग्रजीची एक लकब अशी आहे, की तिच्यात शब्दकोशातला अर्थ बरोबर लावूनही आशय चुकतो. ती लकब म्हणजे न्यूनोक्ती. वस्तुस्थिती जेवढी आहे त्यापेक्षा मुद्दाम कमी सांगायचे आणि उरलेले ऐकणाऱ्याने भरून घ्यावे अशी अपेक्षा ठेवायची.

अतिशयोक्ती, शुभोक्ती आणि न्यूनोक्ती

शाळेत अलंकार शिकवताना आपण अतिशयोक्ती शिकवतो. दमडीच्या तेलाचा ओघळ वेशीपर्यंत जाऊन त्यात उंट पोहल्याचे उदाहरण मराठी शाळेतून गेलेल्या कोणालाही आठवेल. तिच्या उलट दिशेची उक्ती मात्र आपल्या अलंकारांच्या यादीत सहसा नसते. याचा अर्थ मराठी माणूस न्यूनोक्ती करीत नाही असा नव्हे. ‘या एकदा गरिबाघरी मीठ-भाकर खायला,’ असे बोलावणे येते आणि पानात पुरणपोळी, कटाची आमटी आणि चार भाज्या असतात. कोणी यजमानाला ‘आपण खोटे बोललात’ असे म्हणत नाही. ‘तो काही दूधखुळा नाही,’ असे आपण एखाद्या पक्क्या व्यवहारी माणसाबद्दल म्हणतो, तेव्हाही नकाराच्या आडून मोठे विधान केलेले असते.

न्यूनोक्तीची दोन भावंडे आहेत. त्यांच्याशी तिची गल्लत होऊ नये म्हणून येथेच वेगळी करून ठेवू.

पहिली शुभोक्ती. निघताना आपण ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. बांगडी फुटली तर ‘वाढवली’ म्हणतो. येथे अशुभ किंवा नकोसा शब्द टाळायचा असतो. प्रमाण कमी करायचे नसते, नाव बदलायचे असते.

दुसरे सावध विधान. प्रयोगाचे निष्कर्ष लिहिताना ‘असे दिसते’, ‘असे असू शकेल’, ‘या निरीक्षणांशी सुसंगत आहे’ असे शब्द आपण वापरतो. येथे बोलणाऱ्याला खरोखरच पुढचे ठाऊक नसते. जेवढा पुरावा, तेवढेच विधान. न्यूनोक्तीत मात्र बोलणाऱ्याला पूर्ण माप ठाऊक असते आणि तरी तो कमी बोलतो. इंग्रजी वाक्यात ही दोन्ही एकाच पोशाखात येतात, म्हणून वाचताना पहिला प्रश्न हाच विचारावा : लिहिणाऱ्याला याहून जास्त ठाऊक होते का?

इंग्रजीची हत्यारे

इंग्रजीत न्यूनोक्तीची ठरावीक साधने आहेत. पहिले साधन म्हणजे लहान मापाची क्रियाविशेषणे : ‘अ बिट’, ‘स्लाइटली’, ‘रादर’, ‘क्वाइट’. पूर आलेल्या गावातला इंग्रज गृहस्थ ‘इट इज अ बिट वेट’ म्हणजे ‘जरा ओले आहे’ असे म्हणू शकतो.

दुसरे साधन नकाराचे. ‘नॉट बॅड’, म्हणजे शब्दशः ‘वाईट नाही’. पण ब्रिटिश माणसाच्या तोंडी, विशिष्ट सुरात, तो ‘फारच छान’ असाही निघतो. ‘नॉट अनकॉमन’, ‘नॉट विदाउट इंटरेस्ट’ हे त्याच जातीचे. विरुद्धार्थी शब्दाला नकार देऊन होकार सूचित करण्याच्या या पद्धतीला तिकडचे व्याकरणकार ‘लायटोटीज’ म्हणतात. ही काही आधुनिक सभ्यतेची देणगी नव्हे. हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजी काव्यातही ती सापडते.

तिसरे साधन विनंतीचे. ‘यू माइट लाइक टु’, ‘परहॅप्स यू कुड’. अक्षरार्थ ‘तुम्हांला आवडेल तर’, ‘कदाचित तुम्हांला जमेल’. भावार्थ पुष्कळदा ‘हे करा’.

ही साधने इंग्रजी बोलणाऱ्या सर्वांची सारखी नाहीत, हेही लक्षात ठेवावे. ‘क्वाइट गुड’ हे अमेरिकन माणसाच्या तोंडी साधारणपणे ‘चांगलेच’ असते, तर ब्रिटिश माणसाच्या तोंडी अनेकदा ‘ठीक आहे, बरे आहे’ एवढेच. एकच शब्दजोडी, एकच शब्दकोश, आणि दोन वेगळी मापे. हंगेरीहून इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले लेखक जॉर्ज मिकेश यांनी १९४६ साली इंग्रजांच्या सवयींवर एक छोटे विनोदी पुस्तक लिहिले. त्यात या उणे बोलण्याची भरपूर थट्टा आहे. बाहेरून आलेल्या माणसाला ती लकब चटकन दिसते, कारण तोच तिच्यात पहिल्यांदा ठेचकाळतो.

ऐकणाऱ्याच्या डोक्यात काय घडते?

न्यूनोक्ती समजते तरी कशी? या प्रश्नाचे एक चांगले उत्तर पॉल ग्राइस या तत्त्वज्ञाच्या विचारांतून मिळते. १९६७ साली त्यांनी हार्वर्ड विद्यापीठात संभाषणाच्या तर्कशास्त्रावर व्याख्याने दिली. त्यांतला मुख्य भाग १९७५ साली प्रसिद्ध झाला. ग्राइस यांचे म्हणणे थोडक्यात असे : बोलणारा आणि ऐकणारा काही अलिखित करार पाळतात. त्यांपैकी एक करार मापाचा आहे. गरजेपुरती माहिती द्यावी; कमी नको, जास्तही नको.

वर्गातले उदाहरण घेऊ. ‘काही मुले पास झाली,’ असे शिक्षकांनी सांगितले, तर ‘सगळी झाली नाहीत’ असे आपण समजतो. शिक्षकांनी तसे म्हटलेले नाही. तर्कशास्त्राच्या काटेकोर नियमाने सगळी मुले पास झाली असली, तरी ‘काही झाली’ हे विधान खोटे ठरत नाही. पण सगळी झाली असती तर शिक्षकांनी ‘सगळी’ म्हटले असते, हा आपला विश्वास असतो. ‘काही, बरीच, सगळी’ ही एक शिडी आहे आणि बोलणारा खालच्या पायरीवर थांबला, की वरची पायरी लागू नाही असे आपण धरून चालतो.

न्यूनोक्ती या विश्वासाशी खेळते. बोलणारा मुद्दाम खालच्या पायरीवर उभा राहतो. पण ऐकणाऱ्याला दुसऱ्या मार्गाने वरची पायरी दिसत असते. चार इंजिने बंद आहेत हे त्याला कळलेले आहे. मग तो विचार करतो, हा माणूस एवढ्या मोठ्या गोष्टीला लहान का म्हणतो आहे? उत्तर सापडते : हा घाबरलेला नाही, किंवा हा बढाई मारू इच्छित नाही, किंवा हा माझे मन राखतो आहे. ‘छोटीशी’ या शब्दातून इंजिनांची माहिती मिळत नाही, कॅप्टनची माहिती मिळते. भीती वाटण्यासारख्या त्या क्षणी प्रवाशांना नेमकी त्याच माहितीची गरज होती.

यावरून एक नियम निघतो. न्यूनोक्ती बिनधोक चालायची असेल तर वस्तुस्थिती ऐकणाऱ्याला दुसऱ्या मार्गाने कळलेली असली पाहिजे. विशेषण उणे असले तरी चालेल. तथ्य उणे असता कामा नये. एप्रिल १९७०मध्ये अपोलो-१३ यानातील अंतराळवीरांनी ह्यूस्टनला ‘आम्हांला एक अडचण आली आहे’ असे कळवले, ते वाक्य जगप्रसिद्ध झाले. पण त्याला लागूनच त्यांनी यानाच्या एका मुख्य विद्युत्‌वाहिनीचा दाब घसरल्याचे सांगितले होते, ते सहसा कोणाच्या लक्षात नसते. ‘अडचण’ हा शब्द शांतपणाचा होता. काम केले ते विद्युत्‌दाबाच्या माहितीने.

एका पानावरच्या दोन न्यूनोक्ती

विज्ञानाच्या इतिहासातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण २५ एप्रिल १९५३च्या ‘नेचर’ नियतकालिकात आहे. जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी डीएनएच्या रेणूची दुहेरी सर्पिल रचना त्यात सुचवली. निबंध एक पानाहून थोडा मोठा. डीएनएच्या दोन साखळ्या एकमेकींभोवती गुंफलेल्या असतात आणि एकीवरील अ‍ॅडेनीनसमोर दुसरीवर थायमीन, ग्वानीनसमोर सायटोसीन अशाच जोड्या जमतात, हे त्यात मांडले होते. अशा जोड्या असतील तर एक साखळी पाहून दुसरी तयार करता येईल. म्हणजेच आनुवंशिक माहितीची नक्कल पेशी कशी करते, या प्रश्नाची किल्ली सापडली. जीवशास्त्रातल्या एवढ्या मोठ्या गोष्टीबद्दल निबंधाच्या शेवटी एकच वाक्य आहे. त्याचा आशय असा, की या जोड्यांवरून नक्कल होण्याची एक संभाव्य पद्धत लगेच सुचते, ही गोष्ट आमच्या नजरेतून सुटलेली नाही.

‘नजरेतून सुटलेली नाही’ हा वर पाहिलेल्या नकाराचाच प्रकार. क्रिक यांनी पुढे आपल्या आठवणींत या वाक्याचा इतिहास सांगितला आहे. त्यांना या निबंधातच आनुवंशिकतेची चर्चा करायची होती. आपली रचना चुकीची निघाली तर काय, अशी धास्ती वॉटसन यांना अधूनमधून वाटत असे. शेवटी तडजोड म्हणून हे एक वाक्य घातले गेले, कारण मुळीच काही लिहिले नाही तर ‘यांना हे दिसलेच नाही’ असे दुसरे कोणी म्हणेल. म्हणजे वाक्य नम्र दिसते, पण ते प्राधान्याचा दावाही आहे. त्यात थोडे सावध विधान आहे आणि थोडी न्यूनोक्ती. पाचच आठवड्यांनी, ३० मे १९५३ रोजी, दोघांनी त्याच नियतकालिकात या विषयावर स्वतंत्र निबंध लिहिला.

या न्यूनोक्तीने कोणाचे नुकसान झाले नाही. जोड्यांची रचना निबंधात पूर्ण दिलेली होती. ज्याला जीवशास्त्र कळत होते त्याला उरलेले स्वतः भरून घेता येत होते.

पण त्याच निबंधात, शेवटाकडे, आणखी एक उणे वाक्य आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजातील मॉरिस विल्किन्स, रोझलिंड फ्रँकलिन आणि त्यांचे सहकारी यांच्या अप्रकाशित प्रयोगांच्या सर्वसाधारण स्वरूपाच्या माहितीने आपल्याला चालना मिळाली, असे तेथे म्हटले आहे. प्रत्यक्षात वॉटसन यांनी जानेवारी १९५३मध्ये फ्रँकलिन यांच्या गटातील क्ष-किरण छायाचित्र पाहिले होते. त्यांच्या मोजमापांचा समावेश असलेला एक अहवालही वॉटसन आणि क्रिक यांच्या हाती आला होता. फ्रँकलिन यांना याची कल्पना नव्हती. एवढ्या ऋणाला ‘सर्वसाधारण स्वरूपाची माहिती’ आणि ‘चालना’ हे शब्द फारच लहान आहेत. आणि येथे वाचकाजवळ उरलेले भरून घ्यायला काही साधन नव्हते. कोणते छायाचित्र, कोणते आकडे, हे निबंधात नव्हतेच. फ्रँकलिन १९५८ साली, वयाच्या अवघ्या ३७व्या वर्षी वारल्या. त्यांच्या कामाचे खरे माप जगाला कळायला पुढे कितीतरी वर्षे लागली.

एका पानावरच्या या दोन वाक्यांतला फरक आम्हांला फार मोलाचा वाटतो. स्वतःच्या यशाबद्दल कमी बोलणे हा विनय. दुसऱ्याच्या देण्याबद्दल कमी बोलणे हा विनय नव्हे, जरी दोन्हींची शब्दकळा एकसारखीच सभ्य असली तरी.

याच्या शेजारी तिसरे उदाहरण ठेवू. १९६५ साली आर्नो पेंझियास आणि रॉबर्ट विल्सन या अमेरिकेतील दोन शास्त्रज्ञांनी एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकाचा अर्थ ‘४०८० मेगासायकल कंप्रतेला अँटेनाच्या जादा तापमानाचे एक मापन’ असा होतो. ही ‘जादा’ म्हणजे सुमारे ३.५ केल्व्हिन तापमानाची, आकाशाच्या सर्व दिशांनी येणारी सूक्ष्मलहरींची प्रारणे होती. विश्वाच्या उष्ण प्रारंभाचा तो मागे उरलेला पुरावा ठरला आणि १९७८ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. शीर्षक वाचून ही न्यूनोक्तीची कमाल वाटते. पण आपली कसोटी लावून पाहा. त्या दोघांनी मापन केले होते. त्याचा विश्वशास्त्रीय अर्थ लावण्याचे काम त्यांनी त्याच अंकात निबंध लिहिणाऱ्या रॉबर्ट डिकी आणि सहकाऱ्यांवर सोपवले होते. जेवढे मोजले तेवढेच सांगितले. हे सावध विधान आहे, न्यूनोक्ती नव्हे.

माप जुळले नाही तर

आता दुसरी बाजू. एप्रिल १९५१मध्ये कोरियातील इमजिन नदीच्या काठी ब्रिटिशांची एक ब्रिगेड चिनी सैन्याच्या प्रचंड हल्ल्याला तोंड देत होती. ग्लॉस्टरशायर पलटणीची एक तुकडी एका टेकडीवर वेढली गेली होती. ब्रिगेडचे प्रमुख टॉम ब्रोडी यांनी वरिष्ठ अमेरिकन सेनापतीला परिस्थिती कळवताना ‘थिंग्ज आर अ बिट स्टिकी’ असे म्हटल्याचे सांगितले जाते. ब्रिटिश अधिकाऱ्यांत याचा अर्थ ‘अवस्था अत्यंत बिकट आहे’ असा झाला असता. अमेरिकन कानाला ते ‘थोडे अवघड आहे, पण निभावतो आहोत’ असे लागले. वेळेवर माघारीचा हुकूम निघाला नाही. त्या तुकडीतील थोडेच सैनिक परत आले. पलटणीचे पाचशेहून अधिक जण युद्धकैदी झाले. केवळ एका शब्दाने हे सारे घडले असे म्हणणे योग्य होणार नाही. लढाईला अनेक कारणे असतात. पण दोघेही इंग्रजीच बोलत होते आणि तरी त्यांची मापे वेगळी होती, एवढे त्यातून घ्यावे.

दुसरी घटना २५ जानेवारी १९९०ची. कोलंबियाहून न्यूयॉर्कला येणाऱ्या आव्हियांका कंपनीच्या विमानाला खराब हवामानामुळे तासाहून अधिक काळ आकाशात घिरट्या घालाव्या लागल्या. इंधन संपत आले. सहवैमानिकाने नियंत्रकांना ‘प्राधान्य हवे आहे’, ‘आमचे इंधन संपत चालले आहे’ असे सांगितले. कॅप्टन त्याला ‘आणीबाणी आहे असे सांग’ असे म्हणत होता; पण तो ठरलेला शब्द रेडिओवरून गेलाच नाही. उतरायचे सगळेच विमान कमीअधिक इंधनावर असते, त्यामुळे नियंत्रकांना त्या बोलण्यात विशेष काही जाणवले नाही. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला, मग इंजिने विझली आणि विमान लाँग आयलंडवर कोसळले. १५८ जणांपैकी ७३ जण मृत्यू पावले.

येथे कोणी विनय दाखवत नव्हते की विनोद करीत नव्हते. सहवैमानिकाचे इंग्रजी परके होते, समोर अधिकाराने बोलणारे नियंत्रक होते, आणि गोष्ट मापाहून लहान शब्दांत सांगितली गेली. किती मिनिटांचे इंधन उरले आहे, हा आकडा शेजारी असता तर शब्द लहान असूनही चालले असते. विमानवाहतुकीने यावर जो उपाय योजला तो शिक्षकांनी ध्यानात घेण्याजोगा आहे. २०१२ सालापासून आंतरराष्ट्रीय नियमांत इंधनाच्या दोन अवस्थांसाठी दोन ठरावीक शब्दप्रयोग आहेत : आणखी विलंब परवडणार नाही तेव्हा ‘मिनिमम फ्युएल’ आणि खरोखरची आणीबाणी असेल तेव्हा तीनदा ‘मेडे’ म्हणून त्यापुढे ‘फ्युएल’. जेथे जीव पणाला लागतो तेथे शिडीच्या पायऱ्या आधीच ठरवून ठेवायच्या, बोलणाऱ्याच्या स्वभावावर सोडायच्या नाहीत.

आमचा धडा

हा विषय आम्हांला का सुचला तेही सांगायला हवे. आमचा पहिला शोधनिबंध आम्ही एका ब्रिटिश नियतकालिकाकडे पाठवला होता. परीक्षकांचा अभिप्राय आला. त्यात काम ‘रोचक’ असल्याचे म्हटले होते आणि लेखकांना दुसऱ्या भागाचा ‘कदाचित पुन्हा विचार करावासा वाटेल’, असे एक वाक्य होते. आम्ही वाक्याचा अक्षरार्थ लावला. पुन्हा विचार केला, तसे काही वाटले नाही, म्हणून दुसरा भाग तसाच ठेवून निबंध परत पाठवला. तो नाकारला गेला. एका ज्येष्ठ सहकाऱ्याला तो अभिप्राय दाखवला तेव्हा ते हसून म्हणाले, ‘अहो, दुसऱ्या भागात मोठी चूक आहे, असे ते सांगताहेत!’ चूक खरोखरच होती. ती शोधायला आम्हांला दोन दिवस लागले; अभिप्रायाची भाषा न कळल्यामुळे मात्र आठ महिने गेले.

आम्हांला इंग्रजी येत नव्हते असे नाही. त्या वाक्यातला प्रत्येक शब्द येत होता. कमी पडले ते त्या शब्दांचे माप. आणि परीक्षकांचेही थोडे चुकलेच असे आज वाटते. दूरदेशीच्या नवख्या माणसाला लिहिताना त्यांनी चूक नेमकी कोठे आहे तेवढे सांगितले असते, तर भाषा कितीही सौम्य ठेवली तरी चालली असती.

वर्गात काय करता येईल?

एक सोपा उपक्रम सुचवतो. तीन चंचुपात्रांत वेगवेगळ्या तापमानांचे पाणी घ्यावे, समजा ४०, ६० आणि ८० अंश सेल्सिअस. मुलांना हात लावू देऊ नये. तापमापीचे वाचन फळ्यावर लिहावे. मग ‘अ बिट वॉर्म’, ‘वॉर्म’, ‘क्वाइट हॉट’, ‘व्हेरी हॉट’ यांपैकी कोणता शब्द कोणत्या पात्राला लावाल, हे प्रत्येकाने न बोलता वहीत लिहावे. उत्तरे ताडून पाहिली, की मुलांच्या लगेच लक्षात येते : आकडा सगळ्यांचा एकच, शब्द मात्र ज्याचा त्याचा. विज्ञान मोजमापाचा एवढा आग्रह का धरते, याचे याहून सोपे उत्तर आम्हांला ठाऊक नाही. हाच उपक्रम मराठी शब्दांनी, ‘कोमट’, ‘गरम’, ‘कढत’ असे घेऊनही करता येईल.

वरच्या इयत्तांत इंग्रजी उतारा वाचताना तीन प्रश्नांची सवय लावावी. लिहिणाऱ्याला याहून जास्त ठाऊक होते का? तो कोणाबद्दल कमी बोलतो आहे, स्वतःबद्दल की दुसऱ्याबद्दल? आणि उणे शब्दाच्या शेजारी पूर्ण तथ्य दिलेले आहे का?

हेच प्रश्न आपण स्वतःलाही विचारावेत. प्रगतिपुस्तकावर आपण ‘प्रगती समाधानकारक’ किंवा ‘अधिक प्रयत्न हवेत’ असे शेरे लिहितो. आपल्याला त्यांची मापे ठाऊक असतात. शेतावरून दमून येऊन ते पुस्तक हातात घेणाऱ्या आईवडिलांना ती ठाऊक असतातच असे नाही. ‘भागाकार अजून येत नाही, रोज दोन गणिते करून घ्यावीत,’ एवढे एक वाक्य जोडले तर सौम्य शेऱ्याने काही बिघडत नाही.

आणि प्रयोगशाळेत एखादे मूल हळूच येऊन म्हणते, ‘सर, थोडेसे सांडले,’ किंवा ‘बाई, जरासे भाजले,’ तेव्हा ती इंग्रज कॅप्टनची न्यूनोक्ती नसते. त्याला आपली भीती वाटत असते. न्यूयॉर्कच्या आकाशातल्या त्या सहवैमानिकाच्या शब्दांशी या ‘थोडेसे’चे नाते अधिक जवळचे आहे. अशा वेळी त्याच्या शब्दावर न थांबता, रागावण्याच्या आधी, काय सांडले, किती सांडले, कोठे भाजले हे उठून आपल्या डोळ्यांनी पाहावे.